गोधडी : टाक्यांचा आणि वेळेचा हिशेब

अंथरूण पाहून पाय पसरावेत, अशी मराठीत म्हण आहे. ते अंथरूण कोणी शिवले, त्यासाठी किती दिवस खपले आणि त्यात किती टाके पडले, याचा विचार मात्र त्या म्हणीत नाही. महाराष्ट्रातील लक्षावधी घरांत पिढ्यान् पिढ्या जे अंथरूण-पांघरूण वापरले गेले, ती गोधडी विकत आणण्याची वस्तूच नव्हती. घरातल्या जुन्या लुगड्याधोतरांतून घरातल्याच स्त्रीने ती फावल्या वेळात करावी, असा रिवाज होता. फावल्या वेळाला मोल नसते, म्हणून त्या वेळात झालेल्या वस्तूलाही मोल नव्हते. आज परिस्थिती पालटली आहे. शहरातील ग्राहक हाताने शिवलेली गोधडी शोधत येतो, प्रदर्शनांतून तिची विक्री होते, बचत गटांकडे मागणी नोंदवली जाते. अशा वेळी गोधडी शिवणाऱ्या स्त्रीपुढे एक साधा पण कठीण प्रश्न उभा राहतो : हिचे किती घ्यावेत? या प्रश्नाचे उत्तर गोधडीच्या रचनेत आणि तिच्या दिवसक्रमात दडलेले आहे.

नावे अनेक, वस्तू एक

प्रदेशाप्रमाणे गोधडीची नावे बदलतात. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत तिला वाकळ म्हणतात. चार पदरांची ती चौघडी. तान्ह्या बाळासाठी केलेले लहान, मऊ वस्त्र म्हणजे दुपटे. सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी, गुजरातेत गोदडी, बंगालमध्ये कांथा आणि बिहारमध्ये सुजनी ही याच कुळातील वस्त्रे होत. जुने कापड एकावर एक ठेवून धावत्या टाक्याने एकजीव करणे, हे या सर्वांचे समान सूत्र आहे.

या वस्त्राला महाराष्ट्राच्या लोकजीवनात एक वेगळा मानही आहे. चिंध्यांची गोधडी पांघरून गावोगाव स्वच्छतेचा संदेश देत फिरणाऱ्या गाडगेबाबांना (१८७६-१९५६) लोक गोधडे महाराज या नावानेही ओळखत. त्याहून कितीतरी प्राचीन काळी बौद्ध भिक्षूंनी टाकून दिलेल्या कापडाचे तुकडे जोडून चीवर शिवण्याचा प्रघात पाळला. टाकाऊतून टिकाऊ करणे हा या भूमीत केवळ काटकसरीचा नव्हे, तर शीलाचाही भाग मानला गेला, याची ही उदाहरणे आहेत.

साहित्य व रचना

गोधडीचे मुख्य साहित्य म्हणजे वापरून मऊ झालेले सुती कापड. नऊवारी लुगडे हे त्यासाठी सर्वांत सोयीचे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून किंचित लांब भरतो. लुगड्याचा पन्हा साधारणपणे सव्वा मीटरच्या आतबाहेर असतो. म्हणजे एका लुगड्यातून एका माणसापुरत्या गोधडीचे चार पदर निघतात. नऊवारीचा वापर मागे पडून पाचवारी आली, तेव्हा हे गणित बिघडले. एका साडीत तीन पदरही नीट बसेनात आणि जोड वाढले.

त्याहून मोठा बदल कापडाच्या जातीत झाला. कृत्रिम धाग्यांच्या साड्या घरोघर पोचल्या आणि सुती लुगडी दुर्मीळ होत गेली. कृत्रिम धाग्याचे कापड घाम शोषत नाही, पदर एकमेकांवरून सरकतात आणि दोरा ओढला की चुण्या पडतात. अनुभवी स्त्रिया यातून वाट काढतात ती अशी : अंगाला लागणारे वरचे व खालचे पदर सुतीच घ्यावयाचे आणि मिश्र कापड घालावेच लागले तर ते मध्ये घालावयाचे. रेशमी व सुती कापड एकाच थरात जोडू नये, कारण धुतल्यावर दोन्ही सारखी आटत नाहीत. नव्या कापडाचे ठिगळ लावावयाचे असेल तर ते आधी भिजवून वाळवून घ्यावे. अन्यथा पहिल्या धुण्यातच ते आखडते आणि भोवतालचे जीर्ण कापड ओढून फाडते.

गोधडी उबदार का असते, याचे उत्तर या पदरांत आहे. स्थिर हवा उष्णतेची मंद वाहक असते. चार-सहा पातळ पदरांच्या मध्ये अशा हवेचे थर अडकून राहतात आणि अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. तेवढ्याच वजनाचे एकच जाड कापड इतकी ऊब देत नाही. दोऱ्याचे काम येथे दुहेरी असते. पदर सरकू नयेत म्हणून ते बांधावयाचे, पण मधली हवा दाबून काढावयाची नाही. दोरा फार खेचला तर गोधडी फळकुटासारखी ताठ होते. ढिला सोडला तर बोटात अडकून तुटतो. हा ताण हाताला कळावा लागतो आणि तो कळण्यास वर्षे लागतात.

वैशाखातील एक दिवस

गोधडी शिवण्याचा काळ पूर्वापार ठरलेला आहे. सुगी आटोपलेली असते, पेरणीला अवकाश असतो, उन्हे कडक असतात आणि धुतलेले कापड तासाभरात वाळते. म्हणून चैत्र-वैशाखातील दुपारी या कामाच्या. पुढे घटस्थापनेपूर्वी घरातल्या साऱ्या गोधड्या नदीवर नेऊन धुतल्या जातात, तेव्हा उन्हाळ्यात घातलेल्या दोऱ्यांची खरी परीक्षा होते.

सातारा-सांगलीकडील एखाद्या वाडीवरचे घर डोळ्यांसमोर आणावे. घरची बाई पन्नाशीची. गोधडीचे काम ती सासूच्या हाताखाली शिकली. तिच्या हाती आज तीन कामे आहेत. गावातील बचत गटाला प्रदर्शनासाठी मोठी गोधडी करून द्यावयाची आहे. शेजारची लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, तिच्या बाळाचे दुपटे करावयाचे आहे. आणि घरची वाकळ कडेला विरली आहे, तिला ठिगळ हवे आहे.

दिवस पहाटे पाचाला सुरू होतो. पाणी, झाडलोट, दूध, स्वयंपाक, धुणे आणि गुरांचे पाहणे यांत अकरा वाजतात. तेव्हा कुठे ओसरी मोकळी होते. झाडून घेतलेल्या जमिनीवर ती खालचा पदर पसरते आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवते. त्यावर एकेक पदर अंथरत, प्रत्येक पदर तळहाताने मधून कडेकडे निपटत जाते. जोड एकावर एक येऊ नयेत, याकडे तिचे लक्ष असते. ते एका जागी आले तर तिथे उंचवटा होतो आणि निजणाऱ्याच्या पाठीला तो जाणवतो. मग वरच्या पदरावर रंगीत तुकड्यांची मांडणी होते. मांडून झाली की ती उठून उंबऱ्यापाशी उभी राहते आणि दुरून पाहते. दोन तुकडे उचलून त्यांची अदलाबदल करते. त्यानंतर लांब लांब कच्चे टाके घालून सारे पदर एकमेकांना टाचले जातात. हे टाचण नेहमी मध्यापासून कडेकडे करावयाचे, म्हणजे कापडातला झोळ बाहेर निघून जातो. एवढ्यात साडेबारा होतात.

जेवणे आटोपून दोन वाजता ती पुन्हा बसते, ती गोधडीवरच. मोठ्या डोळ्याची सुई, सुती दोरा आणि मधल्या बोटात अंगुस्तान. कडेची घडी आत दुमडून पहिला दोरा कडेने फिरतो. त्याच्या आत बोटभर अंतरावर दुसरा, त्याच्या आत तिसरा. असे चौकोनात चौकोन आत आत सरकत जातात. एका वेळी तीन-चार टाके सुईवर चढवून मग सुई ओढावयाची, ही तिची लय. दोरा संपला की गाठ पदरांच्या मध्ये लपते. सलग अडीच तास बसायला मिळाले तर तो चांगला दिवस. मध्येच नळाला पाणी येते, नातू झोपेतून उठतो, कोणी दळण विचारायला येते.

साडेचारला शेजारीण लुगडे घेऊन येते.

"काकू, हे आमच्या आत्यांचं इरकली लुगडं. याचा पदर दुपट्यावर दिसला पाहिजे बघा."

"अगं, पदर रेशमाचा आहे. धुतल्यावर आखडंल आणि बाळाला टोचंल. अंगाला मऊ भाग लावते आणि काठ तेवढा कडेनं फिरवते. आत्यांची आठवण राहील."

"बरं, पण किती द्यायचे ते आधी सांगा."

"दुपट्याचे कुणी पैसे घेतं का गं!"

या उत्तरात गावाची माया आहे आणि ती मोलाची आहे. दुपट्याचे पैसे तिने घेऊ नयेतच. अडचण पुढे आहे. बचत गटाच्या गोधडीचा दर विचारला गेला की तीच स्त्री तितक्याच सहजपणे म्हणते, "द्या काय द्यायचे ते." मायेने दिलेले श्रम आणि विक्रीसाठी केलेले श्रम यांतील सीमारेषा तिच्या मनात कधी आखलीच गेली नाही. तशी ती आखण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

रात्री जेवणे झाल्यावर दिव्याखाली तासभर घरच्या वाकळेला ठिगळ बसते. उठताना ती सुया मोजते. ज्या वस्त्रावर मुले निजणार, त्यात सुई राहून चालत नाही.

दिवसाकाठी सुईदोरा हाती होता तो पाच तास. त्यातले चार तास विक्रीच्या गोधडीला मिळाले. हे चित्र अपवादात्मक नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरच्या मंडळींसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. असे काम करणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा आकडा ९७ मिनिटांचा होता. गोधडीचे चार तास हे या पाच तासांच्या घरकामाखेरीजचे आहेत. त्यांना फावला वेळ म्हणणे कितपत योग्य आहे, हे यावरून दिसून येईल.

टाक्यांचे गणित

आता गोधडीत किती काम असते, ते मोजून पाहू. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद, म्हणजे तीन चौरस मीटरांची गोधडी घ्यावी. दोऱ्यांच्या दोन ओळींत बोटभर, म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर अंतर आहे. अशा गोधडीत दोऱ्यांच्या ओळींची एकूण लांबी १५० मीटर भरते. दोरे उभे घातले काय किंवा चौकोनात फिरवले काय, अंतर तेच असेल तर लांबीत फारसा फरक पडत नाही. एक टाका आणि त्यापुढील मोकळी जागा मिळून दोन सेंटिमीटर धरले, तर टाके होतात ७,५००. दोरा ओवणे, गाठ मारणे, जागा बदलणे हे सारे धरून मिनिटाला दहा टाके पडतात असे मानले, तर या कामास ७५० मिनिटे, म्हणजे साडेबारा तास लागतील.

आता तीच गोधडी दाट दोऱ्यांची करावयाची आहे असे समजू. ओळींतील अंतर एक सेंटिमीटर आणि टाकाही एक सेंटिमीटरचा. ओळींची लांबी दुप्पट होते आणि प्रत्येक ओळीतील टाकेही दुप्पट होतात. परिणामी एकूण टाके चौपट, म्हणजे ३०,००० होतात. बारीक टाका थोडा झपाट्याने पडतो. मिनिटाला पंधरा धरले तरी २,००० मिनिटे, अर्थात तेहतीस तास वीस मिनिटे लागतात. दिवसाला चार तास मिळाले तर पहिली गोधडी तीन दिवसांहून थोड्या अधिक काळात आणि दुसरी आठ दिवसांहून अधिक काळात पुरी होईल. कापड धुणे, कापणे, मांडणे व टाचणे यांचा वेळ यात धरलेला नाही.

या दोन्ही गोधड्या आकाराने सारख्या आहेत. दुरून पाहणाऱ्यास त्या सारख्याच वाटतील. उदाहरणादाखल, नगामागे ५०० रुपये मजुरी ठरली असे समजू. पहिल्या गोधडीला तासाला ४० रुपये पडतात आणि दुसरीला केवळ १५. पहिल्या गोधडीचाच तासाचा दर दुसरीला द्यावयाचा झाला, तर तिची मजुरी १,३३३ रुपयांच्या घरात जाईल. म्हणजे जी स्त्री अधिक निगुतीने काम करते, तिला नगावरच्या दराने कमी मिळते. नगावरील दराचा खरा दोष हाच आहे.

या दोषाचे दोन परिणाम संभवतात आणि दोन्ही हानिकारक आहेत. काही स्त्रिया दर परवडत नाही म्हणून काम सोडतात. काही जणी नकळत दोऱ्यांतील अंतर वाढवतात. बोटाचे दीड बोट होते, दीडाचे दोन. अशी गोधडी चार धुण्यांत सैल पडते, पदर सुटतात, ग्राहक पुन्हा येत नाही. मजुरीचा प्रश्न आणि कलेचा दर्जा हे दोन स्वतंत्र प्रश्न नाहीत. एकाच दोऱ्याची ती दोन टोके आहेत.

मोजमापाची सोपी रीत

मग दर कशावर ठरवावा? तीस हजार टाके मोजत बसणे कोणासही शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. एका जाड पुठ्ठ्यात २० सेंटिमीटर लांब व तेवढाच रुंद चौकोन कापून खिडकी करावी. हे माप वितीहून थोडे कमी असते. ही खिडकी गोधडीवर तीन वेगवेगळ्या जागी ठेवून आत दिसणारे टाके मोजावेत आणि त्यांची सरासरी काढावी. बोटभर अंतराच्या गोधडीत अशा चौकोनात सुमारे १०० टाके येतात. दाट गोधडीत सुमारे ४००. तीन चौरस मीटरांच्या गोधडीत असे ७५ चौकोन बसतात. चौकोनातील टाक्यांस ७५ ने गुणले की एकूण टाके मिळाले. मोजणीस दहा मिनिटे पुरतात.

या मापावरून गटाने तीन प्रती ठरवाव्यात. शंभराच्या आसपास टाके असलेली साधी, दोनशेच्या आसपासची मध्यम आणि चारशेच्या आसपासची दाट. प्रत्येक प्रतीची मजुरी वेगळी असावी आणि ती मागणी नोंदवतानाच ग्राहकाला सांगावी. नमुन्यादाखल वीतभर लांबीरुंदीचे तीन तुकडे शिवून जवळ ठेवले, तर ग्राहकालाही फरक डोळ्यांनी दिसतो आणि बोटांनी जाणवतो. घासाघीस करणारा ग्राहक पुष्कळदा वाईट मनाचा नसतो; त्याला फरक कोणी दाखवलेला नसतो.

दुसरी आवश्यक गोष्ट म्हणजे वही. प्रत्येक गोधडीसाठी एक पान ठेवावे. सुरू केल्याची व संपल्याची तारीख, आकार, पदर, चौकोनातील टाके, रोज किती तास बसणे झाले आणि दोरा किती लागला, एवढ्या नोंदी पुरेत. लिहिता न येणाऱ्या स्त्रीने तासाला एक रेघ ओढली तरी चालेल. दोऱ्याचा खर्च सहसा हिशेबात धरला जात नाही. १५० मीटरांच्या ओळींसाठी दोरा वर-खाली जात असल्याने त्याहून अधिक लागतो आणि दुहेरी दोरा वापरला तर त्याच्या दुप्पट. हा खर्च घरातून जातो आणि घरातच विसरला जातो. चार-पाच गोधड्यांची पाने भरली की आपला तास किती टाक्यांचा आहे, हे त्या स्त्रीला स्वतःच्याच वहीतून कळू लागते. तिच्या उत्तरातील "द्या काय द्यायचे ते" याची जागा तेव्हा एक ठाम आकडा घेतो.

यंत्राविषयीही स्पष्टता हवी. वरच्या पदराचे तुकडे शिवणयंत्रावर जोडण्यास हरकत नाही. त्यामुळे वेळ वाचतो आणि जोड पक्के होतात. मात्र सारे पदर एकत्र शिवताना घरगुती यंत्राच्या हाताखालून गोधडीचा जाड मधला भाग नीट सरकत नाही आणि पदर पुढेमागे होतात. शिवाय यंत्राची टीप घट्ट असते. हाताच्या दोऱ्याची लवचिकता तिच्यात येत नाही. यंत्राने दोरे घातलेली गोधडी हाताची म्हणून विकली गेली, तर हाताने काम करणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या दरावर त्याचा आघात होतो. म्हणून गटाने प्रत्येक गोधडीवर चिठ्ठी लावून हाताचे काम कोणते व यंत्राचे कोणते, हे प्रामाणिकपणे नमूद करावे.

अन्य प्रांतांतील अनुभव

गोधडीच्या कुळातील वस्त्रांना अन्यत्र कशी प्रतिष्ठा लाभली, हे पाहणे उद्बोधक ठरेल. बिहारच्या सुजनी कामास २००६ साली आणि पश्चिम बंगालच्या नक्षी कांथ्यास २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही दोन्ही वस्त्रे मुळात घरगुती, जुन्या कापडाचीच होत. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ या तालुक्यांत राहणाऱ्या सिद्दी समाजातील स्त्रिया कवंदी नावाची गोधडी करतात. कडेपासून सुरुवात करून आत आत येणारे दोरे आणि कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुले ही तिची ओळख. हे फूल नाही तर कवंदी अपुरी, असे त्या मानतात. घरच्या रीतीलाच त्यांनी आपल्या मालाची खूण केले.

मजुरीच्या दृष्टीने अहमदाबादचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथील गिरण्यांतून निघणाऱ्या चिंध्या घरी आणून, त्या जोडून खोळी शिवण्याचे काम स्त्रिया करीत. चिंध्या व्यापारी देत असे आणि दरही तोच ठरवीत असे. इला भट्ट यांनी १९७२ साली स्थापन केलेल्या 'सेवा' या संघटनेमार्फत या स्त्रिया एकत्र आल्या, त्यांनी दरवाढीची मागणी केली आणि पुढे स्वतःची सहकारी संस्था उभी केली. ज्या कामाला काम म्हणूनही कोणी ओळखत नव्हते, त्याचा दर मागता येतो, हे या स्त्रियांनी दाखवून दिले.

या विचाराला पुढे व्यापक मान्यता मिळाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरी बसून करावयाच्या कामाविषयीचा करार, क्रमांक १७७, संमत केला. भारतात २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा अधिनियमाने घरी बसून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती समाविष्ट झाली. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात वेळेवरील दराप्रमाणेच नगावरील किमान दर ठरविण्याचीही तरतूद होती. नगावर काम असले तरी त्यामागील वेळ विसरता कामा नये, हेच तत्त्व त्यात अंतर्भूत होते.

साहाय्याच्या वाटा

महाराष्ट्रात स्त्रियांच्या आर्थिक विकासासाठी महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना २४ फेब्रुवारी १९७५ रोजी झाली. ग्रामीण भागातील बचत गटांचे जाळे या महामंडळाने आणि २०११ साली सुरू झालेल्या 'उमेद' अभियानाने विस्तारले. गटांच्या मालाला शहरी ग्राहक मिळावा म्हणून मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासारखे उपक्रम हाती घेण्यात आले. असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी २०२१ साली ई-श्रम पोर्टल सुरू झाले. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीलाही त्यावर नोंद करता येते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश करण्यात आला.

या साऱ्या वाटा उपयुक्त आहेत. परंतु त्यांचा लाभ घेताना प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारला जातो : तुमचे काम काय, आणि त्यातून किती मिळते? ज्या स्त्रीच्या हाती आपल्या कामाची वही आहे, ती या प्रश्नाला उत्तर देऊ शकते. कर्जाचा अर्ज असो, प्रदर्शनातील जागा असो किंवा मोठ्या मागणीचा करार असो, वहीतील चार पाने तिच्या बाजूने बोलतात. ग्रामसेविका, गटाच्या सहयोगिनी आणि शाळांतील शिक्षिका यांनी पुठ्ठ्याची खिडकी व वही या दोन गोष्टी वाडीवस्तीवर नेल्या, तर या कामी त्यांचे मोठे साहाय्य होईल. घरातील शाळकरी मुलीलाही हे गणित सहज जमण्यासारखे आहे. आजी टाके घालील आणि नात ते मोजील, तेव्हा ही विद्या पुढच्या पिढीकडे जाईल आणि तिचे मोलही सोबत जाईल.

वाडीवरची ती स्त्री उद्या पुन्हा अकराला ओसरीवर गोधडी पसरील. शेजारणीच्या नातवाचे दुपटे ती विनामूल्यच शिवील आणि त्यात आत्यांच्या लुगड्याचा काठ कडेने फिरवील. तिच्या मायेवर कोणी दर लावू नये. मात्र त्याच हातांनी बाजारासाठी घातलेल्या तीस हजार टाक्यांना साडेसात हजारांचा दर मिळू नये, एवढी दक्षता तिने, तिच्या गटाने आणि गोधडी पांघरणाऱ्या ग्राहकानेही घेतली पाहिजे. अंथरूण पाहून पाय पसरणाऱ्यांनी अंथरुणातील दोऱ्यांतले अंतरही एकदा बोटाने मोजून पाहावे.